‘ना’ची चौकशी

सोमवार, ३

ग्रंथालयाचे वार्षिक व्याख्यान यंदा माझ्याकडे आले. या महिन्याच्या एकोणतीसला, शनिवारी संध्याकाळी. ग्रंथपाल विषय विचारायला स्वतः घरी आले. त्यांनी चपला काढायच्या आत मी विषय सांगून टाकला. ‘ना.’

“नाही म्हणता?” त्यांचा चेहराच पडला.

“विषय सांगितला. एका अक्षराचा शब्द. त्यावर दीड तास बोलणार.”

“तुम्ही अर्ध्या अक्षरावरही बोलाल,” ते म्हणाले आणि निवांत बसले.

आयुष्यभर मी लोकांना हा एकच शब्द शिकवत आले. कारखान्याच्या फाटकासमोर, मुलींच्या वसतिगृहात, परिचारिकांच्या संपात. माणूस रडत जन्मतो, पण माणूस होतो तो पहिल्यांदा मान फिरवून घास नाकारतो तेव्हा. होकार कुणीही शिकवतो. नकार स्वतःचा स्वतः शोधावा लागतो. हे मी ग्रंथपालांना खुर्चीच्या पाठीवर मूठ आपटून सांगितले आणि सवयीने उजवीकडे पाहिले. उजवीकडे कपडे वाळत घालायची दोरी होती.

उजवीकडे का पाहते ते लिहून ठेवते. माझ्या नवऱ्याला सगळे माईकवाला म्हणतात, मीही म्हणते. सभांना ध्वनिक्षेपक पुरवणे हा त्याचा धंदा. माझ्या पहिल्या सभेचा माईक त्यानेच लावला होता. तेव्हापासून तो व्यासपीठाच्या उजव्या अंगाला आपल्या यंत्रापाशी बसायचा आणि माझा आवाज फार चढला की तळहात हळूहळू खाली आणायचा, मूल थोपटावे तसा. त्या हाताकडे बघत मी बोलत आले.

आता त्याचे कान बिघडले आहेत. आत सतत शिटी वाजते, बारीक आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज सुईसारखा टोचतो. कानाच्या डॉक्टरांनी शांत जागी राहायला सांगितले. गेल्या महिन्यात तो तलावाकाठच्या एका लहान वस्तीत तळमजल्यावरची खोली घेऊन राहायला गेला. बसने अर्धा दिवस लागतो.

जाताना म्हणाला, “वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. घरमालकीण पुढच्या महिनाअखेरपर्यंत थांबते म्हणाली. तुझी पुस्तकं मावतील. बघ.”

मी बघितले नाही, बोलले. नवऱ्याच्या मागोमाग बायकोने सामान उचलायचे ही रीत कुणी पाडली, तिच्यापायी किती बायकांची कामे अर्धी राहिली, सगळे सांगितले. चांगले बोलले. उदाहरणे चपखल होती. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, “बरोबर आहे तुझं.”

मी जिंकले आणि तो बसमध्ये बसला.

गुरुवार, ६

परिचारिकांची सभा झाली. नव्या माईकवाल्याने यंत्र असे लावले होते की मी तोंड उघडले आणि कर्णा किंचाळला. पहिल्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. मी उजवीकडे पाहिले तर तो पोरगेलासा गृहस्थ फोनवर कुणाशी तरी हसत होता. मग मी ओरडूनच बोलले. आता घसा सोललेला आहे.

घरी आल्यावर “आज कर्णा किंचाळला रे” हे सांगायला कोणी नव्हते. गरम पाणी केले. दोन पेले भरले गेले. दुसराही मीच प्यायले, घशाला बरे असते.

शनिवार, ८

ग्रंथालयात दिवस गेला. माझा सिद्धान्त असा होता की नकाराचा आवाज जगभर सारखाच. आपला ना, संस्कृतातला न, लॅटिनमधला नोन, इंग्रजीतला नो. दातांमागे जीभ दाबायची आणि येणारे परतवून लावायचे! मी हे भर वाचनकक्षात उभी राहून सांगितले. दोन वाचक उठून गेले.

ग्रंथपाल म्हणाले, “बाई, ही सगळी एकाच घरची मंडळी. चुलत भावंडांची नाकं सारखी दिसली यात नवल काय? ज्यांच्याशी आपलं रक्ताचं नातं नाही अशा भाषांना विचारा.”

“आणि त्यांच्याकडेही सारखंच निघालं तर?”

“तर योगायोग. तोंड एक, जीभ एक, दात तेवढेच. आवाज निघून निघून किती निघणार?”

मग एक जाडजूड कोश काढून दिला. जपानीत ‘ना’ म्हणजे नाव. माझा जीव हिरमुसला. पण पुढे वाचले: क्रियापदाच्या शेवटी आला की तोच आवाज दरडावतो. जाऊ नकोस! हात लावू नकोस! ठीक. जपान्यांनी माझी लाज राखली.

आणखी एक गोष्ट मला आधीच सुचायला हवी होती, ती ग्रंथपालांनी सुचवली. आपल्याच भाषेतला दुसरा ना. बस ना, ऐक ना. तो कुठून आला? त्यांच्या मते बहुधा त्याच नकारातून: ‘ऐकतोस की नाही’ मधला ‘नाही’ झिजत झिजत गेला आणि विनवणी उरली. मी म्हटले, ते व्याख्यानात घेणार नाही. शब्दाचे असे लाडावलेले रूप मला भाषणात चालत नाही. माझ्या तोंडात ते कधी बसलेच नाही.

मंगळवार, ११

लेकीचा फोन. ती परदेशात, रशियन बोलणाऱ्या घरात दिली आहे. दिली कसली, तिची तीच गेली, मीच लग्नात भाषण केले होते.

“आई, इथं सासूबाई नातीच्या हातात काही ठेवताना म्हणतात, ना! म्हणजे, घे. धर.”

“नाकारायला?”

“अगं, घ्यायला! प्रत्येक गोष्टीचं भांडण कसं करतेस?” मग म्हणाली, “बाबांना कधी गेलीस भेटायला?”

“त्याला शांतता हवी आहे.”

“तुझ्यापासून?”

“आवाजापासून.”

“तेच ना मग,” ती म्हणाली आणि हसली. मला हसू आले नाही. मी रशियनबद्दल आणखी विचारत राहिले. तीही रागावली नाही, सांगत राहिली. फोन ठेवताना मात्र म्हणाली, “बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, माहीत आहे ना? ते सगळ्याला ‘बरं’ म्हणतात. मी गेल्या रविवारी म्हटलं, माझा पाय मोडला. म्हणाले, बरं.”

शुक्रवार, १४

विद्यापीठाच्या वसतिगृहात गेले. तिथे परदेशी मुले राहतात आणि आपली भाषा शिकतात. जेवणघरातल्या लांब टेबलाशी तिघांना पकडले: एक कोरियन मुलगी, एक थायलंडची, आणि एक उंच मुलगा, ज्याची घरची भाषा स्वाहिली.

कोरियन मुलगी म्हणाली, “ना म्हणजे मी.”

मी टेबलावर थाप मारली. पाहा! नकार आणि मी, एकच आवाज! जो नाकारतो तोच ‘मी’ होतो. मी तिला हे समजावून सांगितले. ती घाबरून भात गिळत ऐकत होती. मग म्हणाली, “पण तुमच्यासमोर मी स्वतःला ‘ना’ नाही म्हणू शकत. तुम्ही मोठ्या आहात. मोठ्यांसमोर ‘मी’ला दुसरा शब्द, वाकलेला. ‘ना’ फक्त घरी. मैत्रिणीजवळ. जिथं सरळ बसावं लागत नाही तिथं.”

उंच मुलगा म्हणाला, “आमचा ना म्हणजे आणि. मिमी ना वेवे. मी आणि तू. बरोबर, सोबत, तेही.”

“एकटा वापरतात का?”

“एकट्या ‘आणि’चं काय करणार, बाई?”

तिसरी अजून बोलली नव्हती. तिला विचारले. “आमच्यात वाक्याच्या शेवटी येतो. आई फोनवर म्हणते, घरी ये, ना. जेव, ना.”

“म्हणजे आमच्यासारखाच! अर्थ काय त्याचा?”

“अर्थ काही नाही.”

“मग म्हणता कशाला?”

तिने बराच विचार केला. “नाही म्हटलं तर हुकूम वाटतो.”

त्या मुलांनी मला फाटकापर्यंत सोडले. उंच मुलाने विचारले, “तुमच्या घरी कोण कोण असतं?” मी म्हटले, पुस्तके. तो म्हणाला, “पुस्तके आणि?” त्याला भाषेचा सराव करायचा असणार.

रविवार, १६

व्याख्यान लिहायला घेतले. पुढे सरकत नाही. बाजू मांडायची तर साक्षीदार आपल्या बाजूचे हवेत, माझे एकेक फुटत चालले आहेत. कुणी घे म्हणतो, कुणी सोबत, कुणी नाव. मी खटला हरणारी बाई नव्हे. हे सगळे सुरुवातीला पाच मिनिटांत उरकायचे आणि मग मुख्य मुद्द्यावर यायचे.

माईकवाल्याला फोन केला. “व्याख्यान आहे एकोणतीसला,” मी सांगितले. “बरं,” तो म्हणाला. “जेवलास?” “बरं.” मी फोनवर ओरडायची नाही, कारण ओरडले की त्याला टोचते, आणि हळू बोलले की पोचत नाही. यांच्या मधला आवाज मला काढता येत नाही. तो मधला आवाज इतकी वर्षे त्याच्याच यंत्रातून निघत होता.

मंगळवार, १८

निर्णय घेतला. व्याख्यान ध्वनिक्षेपकाशिवाय करणार. तत्त्व म्हणून. माणसाने माणसाशी बोलताना मध्ये विजेची तार कशाला? ग्रंथपालांना सांगितले, निमंत्रणपत्रिकेवर ठळक छापा: ध्वनिक्षेपक वापरला जाणार नाही.

“बाई, सभागृह भरलं तर मागच्या रांगेला काय, हातवारे दाखवणार?”

“मागच्या रांगेने पुढे यावे.”

“पण कारण काय सांगू?”

“तत्त्व.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. “त्या तत्त्वाला कर्ण्याचा त्रास होतो का?”

विनोदाला उत्तर द्यायचे नसते. मात्र उजव्या बाजूला, दारापासून जवळ, गर्दीपासून जरा लांब एक खुर्ची वेगळी ठेवायला सांगितली. कुणाला बरे वाटेनासे झाले तर.

शुक्रवार, २१

पत्रिका छापून आल्या. एक त्याला पाठवली. पाकिटावर त्याचे नाव लिहिताना अक्षर शाळेतल्यासारखे आले. आत आणखी काही लिहावे असे वाटले, पण पत्रिकेत सगळेच होते: वार, वेळ, स्थळ, आणि ठळक अक्षरांतली ती ओळ. वाचता येणाऱ्या माणसाला आणखी काय हवे?

मंगळवार, २५

त्याचा संदेश आला. “पत्रिका मिळाली. घशाला जप.” एवढेच.

येतो असे नाही, येत नाही असेही नाही. मी दिवसातून किती वेळा वाचला ते लिहिणार नाही. त्याचा करडा स्वेटर धुवून ठेवला. सभागृहात गार असते.

शनिवार, २९, सकाळी

दार वाजले. मी पदराला हात पुसत धावले. दारात त्याचा दुकानातला भागीदार, पोटाशी लोखंडी पट्ट्यांची लाकडी पेटी धरून घामाघूम.

“वहिनी, आधी ही कुठं ठेवू ते सांगा, मग रागवा.”

पेटीत माईकवाल्याचा सगळ्यात चांगला माईक, लहान कर्णे, आणि एकसारख्या वेटोळ्यांत नीट गुंडाळलेल्या तारा. हा माईक तो कुणाला हात लावू देत नसे. जाताना सोबत घेऊन गेला होता. कालच्या बसने पाठवला.

“त्याला वाटलं हॉलची सिस्टीम बिघडली,” भागीदार म्हणाला. “मला फोन. म्हणतो, ती तशीच ओरडेल आणि घसा फाडून घेईल, आजच्या आज पेटी पोचव. मी म्हटलं, अरे, तूच जा की घेऊन. तर म्हणतो, ती बोलत असताना मला कानात बोळे घालून बसता येणार नाही.”

मग माझा तोल गेला. “मी माणसाला बोलावलं आणि आली पेटी! त्याचे कान दुखू नयेत म्हणून मी माईक बंद ठेवला, सगळ्या गावाला मागच्या रांगेतून पुढं ओढलं, आणि हा मला माईक पाठवतो?”

भागीदार पेटीवरच बसला. “बोलावलंत? कधी?”

“पत्रिका पाठवली की!”

त्याने खिशातून पत्रिका काढली. त्यालाही एक गेली होती. ती दूर धरून वाचली. “यात लिहिलंय, रसिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे. आता तो एकटा बहुसंख्येने कसा येणार, वहिनी?”

मी त्याला पाणी दिले. तो पिऊन गेला. मी आत येऊन भाषणाचे कागद काढले आणि काही वेळ कागद उलटे धरले होते हे लक्षात आले नाही.

शनिवार, २९, सभेनंतर

सभागृह भरले होते. मागे लोक उभे होते. भागीदाराने पेटी उघडून माईक लावला. मी त्याला अडवले नाही. तत्त्वाचे काय झाले असे ग्रंथपालांनी विचारले नाही, त्यांचे उपकार.

आवाज फार स्वच्छ आला. एकदाही कर्णा किंचाळला नाही. मी उजवीकडे पाहिले, खुर्ची रिकामी होती, तरी आवाज खाली आणला. पाच मिनिटांत उरकायचे ते सांगायला पाऊण तास लागला. नाव, घे, मी, आणि. लोक इतके शांत होते की कोरियन मुलीचा वाकलेला ‘मी’ सांगताना मला माझा श्वास माईकमध्ये ऐकू येत होता. मग मुख्य मुद्दा मांडला, नकार. तो मी सोडलेला नाही. आजही म्हणते, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला किंमत नाही. टाळ्या पडल्या.

शेवटी प्रश्न. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारले, “बाई, तुम्ही शेवटचं ना कुणाला म्हणालात?”

मी पुरस्कार नाकारल्याची गोष्ट सांगितली. लोकांना ती आवडते. त्या बाईने मान हलवली, पण बसताना शेजारणीला म्हणाली, आणि त्या चांगल्या माईकने तेही मला ऐकवले: “हे तर जुनं आहे.”

रविवार, ३०

काही घडले नाही. पेटी दाराशी आहे. येता-जाता पायाला लागते.

सोमवार, १

परिचारिकांची बैठक होती, म्हणून आज जमले नाही. इतकी महागाची वस्तू बसच्या टपावर टाकून परत पाठवणे बरे नव्हे. उद्या मीच नेऊन देते. दोन दिवसांचा प्रश्न. थंडीची शाल घेतली, बूट घेतले, संदर्भाची अकरा पुस्तके घेतली, कोश घेतला नाही, जड होतो. मग घेतला.

मंगळवार, २

हे त्याच्या दाराच्या पायरीवर बसून लिहिते आहे.

बसमध्ये सगळा वेळ बोलायचे ठरवत आले. मुद्दे पाडले. तो आवारात कुणाच्या तरी दुकानाच्या पाटीला रंग देत होता. मी हाक मारली, त्याने पाहिले नाही. पुन्हा मारायची तर ओरडावे लागले असते, म्हणून जवळ गेले, अगदी खांद्याशी. त्याने आधी मला पाहिले आणि मग पेटीला. पेटी उघडून तारा पाहिल्या.

“या कुणी गुंडाळल्या?”

“मी.”

“वाटलंच,” तो म्हणाला, आणि तिथेच बसून एकेक तार सोडवून पुन्हा गुंडाळायला लागला. “आवाज कसा आला?”

“चांगला.” मी त्याच्या उजव्या कानाशी वाकून म्हटले. तो कान जरा बरा आहे. “तुला बोलावलं होतं.”

“बरं,” तो म्हणाला. मग हात थांबला. “काय म्हणालीस?”

पुन्हा सांगितले. माईक बंद का ठेवला होता तेही सांगितले. सांगायला तीन वाक्ये लागली. एवढ्या छोट्या भाषणाची मला सवय नाही. त्याने ऐकले आणि तार गुंडाळत राहिला, पण तेच वेटोळे तीनदा चुकले.

एवढ्यात वरून धडधड ऐकू आली. लहान मुले पळत होती. त्याने डोळे मिटले आणि मान खांद्यांत ओढली.

“वर कोण?”

“शिक्षक आहेत एक. बायको, दोन मुलं. काल आले राहायला.”

“पण त्या खोल्या...” मी वर बोट दाखवले.

“महिनाअखेरपर्यंत होत्या. मालकिणीनं परवा विचारलं. मी म्हटलं, द्या.”

“मी नाही म्हटलं नव्हतं!”

“हो तरी कुठं म्हणालीस?” तो रागाने बोलला नाही. “तू इतकं छान बोलली होतीस त्या दिवशी. मला वाटलं, आता पुन्हा विचारणं म्हणजे तुला त्रास.”

मी जिंकलेल्या त्या भाषणाचे हे फळ. कान दुखतात म्हणून इथे आलेल्या माणसाच्या डोक्यावर आता दोन मुले उड्या मारणार, आणि हे मी माझ्या तोंडाने केले. नुसते बोलून नव्हे. बोलून झाल्यावर गप्प बसून.

खोली पाहिली. एक खाट, एक खुर्ची, खिडकीत रंगाचे डबे. माझी पुस्तके खाटेखाली सरकवली, कोश मावला नाही, तो दाराला अडसर म्हणून लावला आहे. त्याने विचारले, “किती दिवस?” मी मुद्दे आठवून पाहिले. एकही कामाचा नव्हता. म्हटले, “परतीची बस संध्याकाळची आहे, बघू.” तो “बरं” म्हणाला. ऐकू आले म्हणून की नाही म्हणून, कळले नाही.

मग मी इथे पायरीवर येऊन बसले. तलावावरचा उजेड गेला. वरची मुले थकून गप्प झाली. आत तो चहासाठी आधण ठेवतो आहे, किती कप ते इथून दिसत नाही.

आत्ताच वळणावरून शेवटची बस गेली. तिचा आवाज मला आला, त्याला आला नसणार. सांगायला आत जाते.